मोबाईल आणि मन

आपल्या गावची पुष्कळ माणसे मुंबईला कामाला आहेत. कुणी अंधेरीला, कुणी घाटकोपरला, कुणी बोरिवलीला. पूर्वी त्यांची खुशाली कळायला पत्राची वाट पाहावी लागे. आता मोबाईलवर बोलणे होते, नातवाचे तोंडही दिसते. 2016 सालापासून इंटरनेट फार स्वस्त झाले, आणि ही सोय घरोघर पोचली. तिला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहू या. दिवसभर राबून, लोकलच्या गर्दीतून माणूस खोलीवर येतो. जेवतो आणि मोबाईल घेऊन आडवा होतो. एक चित्र संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. बारा कधी वाजले ते कळत नाही. सकाळी डोके जड, कामात लक्ष नाही, बोलताना चिडचिड. असे का होते?

पहिले कारण झोप. बैलाला रात्रभर जुंपले, तर सकाळी तो नांगर ओढील का? मनाचेही तसेच आहे. झोप मोडली की मन थकते.

दुसरे कारण तुलना. लोक मोबाईलवर लग्न, सहल, नवी गाडी दाखवतात. घरातले कर्ज आणि भांडण कोण दाखवतो? दुरून डोंगर साजरे! आपल्याला मात्र वाटते, सगळे सुखात आहेत, मीच तेवढा मागे राहिलो.

तिसरे कारण चटक. पुढे काय निघेल ते ठाऊक नसते. जुगाऱ्याचा हात याच आशेने पत्त्यांवरून निघत नाही. शिवाय आपण जितका वेळ पाहू, तितक्या जाहिराती कंपन्यांना दाखवता येतात. म्हणून आपण पाहतच राहावे अशी त्यांची योजना असते. मोबाईलवरच्या खेळांचे व्यसन हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली मान्य केले.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळदा माणूस आधी दुःखी असतो, एकटा असतो, म्हणून मोबाईलकडे वळतो. अशा वेळी मोबाईल हिसकावून भागत नाही. जवळ बसून विचारावे, "काय रे बाबा, मनात काय आहे?"

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने काय केले पाहा. करोनाच्या काळात मुलांची शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाईल काही सुटेना. तेव्हा 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून गावाने नेम केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. एकट्या घराला जे जड जाते, ते साऱ्या गावाने मिळून केले.

आपल्यालाही थोडे करता येईल. जेवताना मोबाईल दूर ठेवावा. झोपताना उशाशी घेऊ नये. मुंबईच्या मुलाला फोन केलात, तर पैशाबरोबर झोपेचीही चौकशी करावी.

आणि झोपच लागत नसेल, कशात मन रमत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर लपवू नका. 14416 या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही चालते, आणि मराठीत बोलता येते. हाडाला वैद्य लागतो, तसा मनालाही लागतो. त्यात लाज कसली?