छिन्नी आणि माती : भाग ६
एपस्टाईनच्या अठरा मूर्ती

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या झिंबाब्वे हाऊसकडे मान वर करून पाहिलं, की खिडक्यांच्या मधल्या जागेत अठरा दगडी मूर्ती दिसतात. कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाहीत. १९३७ साली रीतसर परांची बांधून त्या छाटल्या गेल्या. त्यांचा कर्ता जेकब एपस्टाईन तेव्हा त्याच शहरात काम करत होता.

न्यूयॉर्कमध्ये १८८० साली, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात तो जन्मला. एका पुस्तकासाठी चित्रं काढून मिळालेल्या पैशांवर पॅरिस गाठलं आणि १९०५ मध्ये लंडन. स्ट्रँडची इमारत तेव्हा ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची होती. वास्तुकार चार्ल्स होल्डन यांनी काम दिलं, आणि एपस्टाईननं बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचं मानवी आयुष्य नग्न देहांतून उभं केलं. १९०८ मध्ये मूर्ती लोकांच्या नजरेस पडल्या आणि गहजब उडाला. समोरच नीतिरक्षकांच्या संघटनेचं कार्यालय होतं. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’नं मोहीमच उघडली. स्टेपनीचे बिशप मात्र स्वतः परांचीवर चढले, मूर्ती जवळून पाहिल्या आणि त्यांत काही अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. डॉक्टरांची संस्थाही ठाम राहिली.

पुढे इमारत दक्षिण ऱ्होडेशियाच्या सरकारकडे गेली आणि मूर्ती काढण्याची भाषा सुरू झाली. रॉयल अकादमीच्या अध्यक्षांनी त्या वाचवण्याच्या मागणीला साथ दिली नाही, म्हणून चित्रकार वॉल्टर सिकर्ट यांनी १९३५ मध्ये अकादमीचा राजीनामा दिला. मग दगडाचा एक तुकडा निखळून पडला आणि सुरक्षेचं कारण हाती आलं. सुटे झालेले तुकडे काढणं समजू शकतं. पण पुढे आलेलं प्रत्येक डोकं, प्रत्येक हात उडवणं हा कलेवरचा अत्याचारच होता.

वाद त्याच्या पाचवीलाच पुजलेले होते. पॅरिसमधल्या ऑस्कर वाइल्डच्या थडग्यावरचा पंखधारी देह पोलिसांनी ताडपत्रीनं झाकला. हाइड पार्कमधल्या ‘रिमा’चं अनावरण १९२५ मध्ये पंतप्रधान बाल्डविन यांनी केलं आणि त्याच वर्षी कुणीतरी तिच्यावर हिरवा रंग फेकला. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मुख्यालयावरच्या ‘डे’ या शिल्पातल्या मुलाचं लिंग दीड इंचानं कमी करावं लागलं. ‘ॲडम’ तर ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर तिकीट लावून तमाशासारखा दाखवला गेला.

या साऱ्या काळात त्याची चूल पेटती ठेवली ती व्यक्तिशिल्पांनी. कॉनरॅड, आइन्स्टाईन, चर्चिल, आपले रवींद्रनाथ आणि नेहरूही त्याच्यासमोर बसले. मातीचे गोळे तो भराभर लावत जाई. बोटांचे ठसे, खाचखळगे तसेच ब्राँझमध्ये उतरत. त्यामुळे चेहरा जिवंत वाटतो. हीच त्याची खरी कला, दगडातलं काम म्हणजे निव्वळ हट्ट, असं म्हणणारे टीकाकार तेव्हा पुष्कळ होते. ते प्रस्तुत लेखकाला पटत नाही. ‘जेकब अँड द एंजल’मधली अलाबास्टरची ती जड, घट्ट मिठी व्यक्तिशिल्पांतून कधीच साधली नसती. एकेकाळी मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात ठेवलेलं हे शिल्प आज टेट संग्रहालयात आहे.

१९५४ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. १९५९ मध्ये तो गेला. भुयारी रेल्वेच्या त्याच मुख्यालयावर एका तरुणानं आपलं पहिलं सार्वजनिक शिल्प कोरलं होतं. त्याची सुरुवातीची शिल्पं एपस्टाईननं स्वतः विकत घेतली होती. तो तरुण म्हणजे हेन्री मूर. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.