मेलेल्या झाडांचे रहिवासी

दिवाळीच्या सुमारास आमच्या गावाबाहेरच्या आमराईत चिमणीहून लहान असा एक पाहुणा येतो. शेपटी झटकन वर उचलतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. आवाज कोरड्या खुळखुळ्यासारखा. प्रौढ नराचा गळा नारिंगी. हा लाल छातीचा माशीमार. मार्च-एप्रिलपर्यंत राहतो आणि एक दिवस नसतो. कुठे जातो, हा प्रश्न मला चाळिशीत पडला. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण तेव्हा नव्हते, आजही नाही. पुस्तके धुंडाळता धुंडाळता नकाशावरचे बोट पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर येऊन थांबले: बियावोव्येझाचे अरण्य.

आमच्या आमराईतला पक्षी नेमका तिथलाच, असे मी म्हणत नाही. पण युरोपात वाढणारे या जातीचे पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे न वळता आपल्या उपखंडाकडे येतात, एवढे नक्की.

हे अरण्य सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे. पूर्वी राजेमहाराजांचे शिकारीचे रान होते, म्हणून कुऱ्हाडीपासून बरेचसे वाचले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने आत लहान रुळांची रेल्वे टाकून मोठी तोड केली. १९२१पासून मधल्या भागाला कडक संरक्षण मिळाले. तरीही पोलंडच्या हद्दीतला फक्त सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे. बाकी वनखात्याकडे, म्हणजे लाकूड हे पीक मानणाऱ्यांकडे.

या उद्यानात १९७५पासून लुडविक तोम्यावोइच, तोमाश वेसोवोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत चिकाटीचे काम केले. ठरावीक तुकडे आखून घ्यायचे, वसंतात पहाटे पुन्हा पुन्हा तेथे जायचे आणि गाणारा प्रत्येक नर नकाशावर टिपायचा. वर्षानुवर्षे हेच. त्यातून जे निघाले ते माझ्यासारख्या हौशी माणसाला चक्रावून टाकणारे होते. आदिम अरण्य म्हणजे पक्ष्यांची गर्दी, ही आपली समजूत. प्रत्यक्षात जाती पुष्कळ, पण बहुतेक जातींची दाटी पश्चिम युरोपातल्या बागांपेक्षा आणि छोट्या रायांपेक्षा कमी! झाडांच्या ढोल्या भरपूर, कित्येक रिकाम्याच राहतात. घरटी मात्र फार लुटली जातात, कारण मार्टेनसारखे शिकारी प्राणी तिथे अजून शाबूत आहेत. बागेत पेट्या टांगून केलेल्या अभ्यासांवरून आपण ‘पक्ष्याचा स्वभाव’ म्हणून जे लिहीत होतो, त्यातले बरेच त्या पेटीचे गुण होते. माझ्या मते या अरण्याचे मोल इथे आहे. माणूस येण्याआधी पक्षी कसे जगत असतील, हे पडताळून पाहायला युरोपच्या सपाट मुलखात अशी दुसरी जागा जवळजवळ उरलेली नाही.

आता मेलेल्या झाडांकडे येऊ. पांढऱ्या पाठीच्या सुतार पक्ष्याला कुजत उभी असलेली रुंद पानांची झाडे लागतात. त्यांतल्या अळ्यांवर तो जगतो. तीन बोटांच्या सुतार पक्ष्याचे अन्न स्प्रूसच्या सालीखालचे भुंगे. पिग्मी घुबड सुतारांनी सोडलेल्या ढोलीत राहते. आपला माशीमार मोडक्या बुंध्याच्या खोबणीत घरटे करतो. थोडक्यात, वनपालाला जे झाड रोगट दिसते ते यांचे घर, नाहीतर स्वयंपाकघर.

२०१२नंतर साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी स्प्रूस भराभर मारले. कोरडी वर्षे आणि वाढती उष्णता यांनी झाडे आधीच खंगली होती. मार्च २०१६मध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी बियावोव्येझा वनविभागात दहा वर्षांसाठी ठरलेली तोडीची मर्यादा ६३,४७१ घनमीटरवरून १,८८,००० घनमीटरवर नेली. युक्तिवाद असा, की आजारी झाडे काढली तर रान वाचेल. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हे. लागवडीच्या वनात तो चालतोही. आसपासच्या गावांचे सरपण आणि रोजगार याच रानावर, तेव्हा तिथले लोक चिडले तर त्यांना खलनायक ठरवू नये. पण पोलंडनेच २०१५मध्ये मान्य केलेल्या आराखड्यात मेलेली आणि मरणारी झाडे काढणे हा या सुतार पक्ष्यांना व घुबडांना धोका असल्याचे लिहिले होते!

युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७मध्ये तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. तोड पुरती थांबेना, तेव्हा नोव्हेंबरमध्ये आदेश मोडल्यास दिवसाला किमान एक लाख युरो दंडाची तंबी दिली. १७ एप्रिल २०१८च्या निकालात पोलंडने पक्षी आणि अधिवास या दोन्ही कायद्यांचा भंग केल्याचे ठरले. भुंग्यामुळे होणारी झाडांची मर हाच संरक्षित पक्ष्यांना धोका आहे, हे पोलंडला दाखवता आले नाही. तोडीचा धोका मात्र त्याच्याच कागदात नोंदलेला होता.

तोड न झालेल्या भागात मेलेल्या स्प्रूसखाली आता हॉर्नबीम आणि लिंडेनची रोपे वर येताना दिसतात. भुंगे ओसरले की तीन बोटांचे सुतार पक्षीही कमी होतील. तेव्हा कोणीतरी संख्या घटल्याचे पाहून संरक्षण फसल्याचा अहवाल लिहील, म्हणून आधीच सांगून ठेवतो: ती घट त्या रानाची स्वतःची असेल.