रोलर स्केटचे बूट रुळवणे

रोलर स्केटचे बूट रुळवणे म्हणजे नवा, ताठर बूट थोड्या थोड्या वापराने वापरणाऱ्याच्या पायाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया होय. काही वेळा त्यासाठी उष्णतेचे किंवा साच्याचे साहाय्य घेतले जाते. या काळात बूट चावणे, फोड येणे आणि घोट्यावर दाब जाणवणे या तक्रारी सामान्यतः आढळतात. रुळवल्याने बुटाचा आकार मर्यादित प्रमाणातच बदलतो. चुकीच्या मापाचा बूट त्यामुळे योग्य मापाचा होत नाही.

== ताठरपणाचे कारण ==

जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या चारचाकी स्केटमुळे शरीराचा भार एका बाजूस झुकवून वळणे शक्य झाले. आजचे क्वाड स्केटही याच तत्त्वावर चालतात. पायाचा झोक चाकांपर्यंत पोहोचण्यासाठी टाच बुटात घट्ट बसणे आणि घोट्याला आधार मिळणे आवश्यक असते. म्हणून टाचेभोवतीचा भाग मुद्दाम कडक ठेवलेला असतो. रुळवताना चवडा, बोटे आणि घोट्याच्या पुढील घडी येथील भाग मऊ होणे अपेक्षित असते. टाचेचा कडकपणा टिकणे इष्ट असते.

== बुटांचे प्रकार ==

* '''चामड्याचे बूट''' : चामडे कोलॅजन या प्रथिनाच्या गुंतलेल्या तंतूंचे बनलेले असते. शरीराची ऊब, घामाचा ओलावा आणि वारंवार पडणारा ताण यांमुळे हे तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात व बूट पायाचा आकार घेतो.
* '''कृत्रिम चामड्याचे बूट''' : हे कमी ताणले जातात. सुरुवातीला मऊ वाटले, तरी मापातील चूक त्यांत पुढेही तशीच राहते.
* '''कठीण कवचाचे बूट''' : इनलाइन स्केटमध्ये हे अधिक आढळतात. यांचे प्लॅस्टिकचे कवच वापराने बदलत नाही. केवळ आतील गादीदार अस्तर दबते. काही अस्तरे व कार्बन तंतूंचे बूट तापवून आकार देता येण्याजोगे असतात, परंतु त्यासाठी उत्पादकाने सांगितलेले तापमान व वेळच पाळावी लागते.

== मापाची तपासणी ==

दिवसभरात पाय किंचित सुजतात, त्यामुळे माप संध्याकाळी, उभे राहून आणि दोन्ही पायांचे घेणे योग्य ठरते. उत्पादकांच्या क्रमांकांत फरक असल्याने सेंटिमीटरमधील लांबी अधिक भरवशाची असते. सरळ उभे राहिल्यावर बोटे बुटाच्या टोकाला हलकेच टेकावीत व गुडघे वाकवल्यावर थोडी मागे सरकावीत. बोटे दुमडत असतील तर बूट लहान आहे. नाड्या बांधूनही टाच वर उचलली जात असेल तर तो मोठा किंवा रुंद आहे.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी पुढील वर्षाचा विचार करून मोठे बूट घेतले जातात. अशा बुटात पाय घसरत राहतो, फोड येतात आणि घोट्याचा आधार कमी होतो. जादा मोजे घालून ही उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

== पद्धत ==

प्रथम बूट घरात २० ते ३० मिनिटे घालून बसणे, आधार धरून उभे राहणे व गुडघे वाकवणे असे केले जाते. मैदानावरील पहिली सत्रे छोटी व संथ ठेवली जातात. उड्या व वेगवान वळणे टाळली जातात. नाड्या चवड्यावर बेताच्या आणि घोट्याजवळ घट्ट बांधल्यास टाच जागेवर राहते. विशिष्ट ठिकाणी दाब येत असल्यास तेथील एक छिद्र सोडून नाडी ओवता येते. घाम शोषून ओले राहणाऱ्या जाड सुती मोज्यांपेक्षा पातळ कृत्रिम धाग्याचे मोजे उपयुक्त ठरतात. एखाद्याच जागी चामडे टोचत असेल, तर कुशल चर्मकाराकडून साच्यावर तेवढाच भाग ताणून घेता येतो.

कोल्हापुरी चपलेला तेल पाजून मऊ करण्याची पद्धत महाराष्ट्रात परिचित आहे. ती स्केटच्या बुटाला लागू पडत नाही. तेलामुळे डिंकाने चिकटवलेले थर सुटू शकतात आणि आवश्यक कडकपणा जातो. बूट पाण्यात भिजवणे किंवा आचेजवळ ठेवणेही हानिकारक असते, कारण कोरड्या तीव्र उष्णतेने चामडे आकसते व तडकते. वापरानंतर बूट सावलीत, हवेशीर जागी वाळवतात.

== फोड व इतर इजा ==

त्वचेचे थर एकमेकांवरून ओढले गेल्याने ते विलग होतात आणि त्यांमध्ये द्रव साचून फोड येतो. ओलसर त्वचेत हे लवकर घडते. त्वचा लाल होऊन जळजळू लागताच बूट काढून त्या जागी चिकटपट्टी लावल्यास फोड टाळता येतो. न फुटलेला लहान फोड मुद्दाम फोडू नये, कारण वरची त्वचा संसर्गापासून संरक्षण करते.

पायभर जाणवणारा आणि सत्रागणिक कमी होणारा घट्टपणा हे बूट रुळत असल्याचे लक्षण आहे. याउलट, बधिरता, मुंग्या येणे, एकाच जागी तीव्र वेदना किंवा बूट काढल्यानंतरही टिकणारे दुखणे ही माप अथवा बांधणी चुकल्याची चिन्हे असतात; अशा वेळी वापर थांबवावा लागतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना ही चिन्हे जाणवत नाहीत. त्यांनी प्रत्येक वापरानंतर पाय डोळ्यांनी तपासणे आणि जखम आढळल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.