कृष्णाकाठचे दोन कवी आणि रविवारचा चहा

1923 साली पुण्यात काही तरुण कवी दर रविवारी चहाला जमू लागले. गंमत म्हणून या बैठकीला ते 'सन-टी क्लब' म्हणत. त्यातूनच रविकिरण मंडळ उभं राहिलं. मराठी कवितेच्या इतिहासात मंडळाची नोंद पुण्याच्या नावावर होते आणि ते रास्तही आहे. पण ज्या दोन गळ्यांनी मंडळाची कविता गावोगाव नेली, ते दोघे पुण्याचे नव्हते. गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर, साताऱ्यात जन्मले. यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, सातारा जिल्ह्यातल्या चाफळचे. यशवंतांचं शिक्षण सांगलीत झालं आणि कवितेचे पहिले धडे तिथेच साधुदासांकडे मिळाले.

म्हणजे पुण्यातल्या बैठकीच्या आधी सांगलीत एक छोटी बैठक होऊन गेली होती. साधुदास हे सांगलीचे कवी गोपाळ गोविंद मुजुमदार. शाळकरी पोराची कविता आपुलकीनं ऐकणारं वडीलधारं माणूस गावात असणं, हे भाग्य प्रत्येक कवीच्या वाट्याला येत नाही. यशवंतांच्या वाट्याला ते आलं. मॅट्रिकनंतर ते कारकुनी करायला पुण्याला गेले. आयुष्यभर कविता लिहिलेला हा माणूस पोटासाठी कचेरीत बसत होता, आणि गिरीश शाळेत शिकवत होते. आठवड्यातला एकच दिवस मोकळा, तो दोघांनी कवितेला दिला.

मंडळात सात पुरुष आणि एक स्त्री. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर आणि मनोरमाबाई रानडे. लोकांनी त्यांना सप्तर्षी आणि अरुंधती म्हटलं. मनोरमाबाई अकाली गेल्या. त्यांचं नाव आज केवळ या उपमेपुरतं घेतलं जातं, याची खंत वाटते. त्या स्वतः कवयित्री होत्या.

अशा बैठकीत कवितेचं नेमकं काय होतं? कागदावर वृत्त जुळल्यासारखं दिसतं. तीच ओळ मोठ्यानं म्हटली की यती चुकलेला, मात्रा वाढलेली, यमकासाठी ओढून आणलेला शब्द लगेच कानाला टोचतो. ऐकणाऱ्याला नियम सांगता येत नसला तरी अडखळणं कळतं. आणि या मंडळात नियम सांगणारेही होते. माधव ज्यूलियन यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ 1927 मध्ये आला, पुढे तो त्यांनी बराच वाढवला. गझल त्यांनी मराठीत रुजवली. सुनीत आणि खंडकाव्य हे प्रकार मंडळातल्या अनेकांनी हाताळले. एकट्या कवीला नव्या रचनेची भीती वाटते, पण शेजारचा दुसराही तेच करून पाहत असला तर ती कमी होते. खंडकाव्यांपैकी माधव ज्यूलियन यांचं 'विरहतरंग' 1926 चं, गिरीशांचं 'आंबराई' 1928 चं आणि यशवंतांचं 'बंदीशाळा' 1932 चं. येरवड्याच्या मुलांच्या सुधारगृहात यशवंत नोकरीला होते. 'बंदीशाळा'तली बालगुन्हेगारांची व्यथा तिथूनच आली. कचेरीतला अनुभव काव्याचा विषय होऊ शकतो, हे त्या काळी सहज पटण्यासारखं नव्हतं.

छपाईही सगळ्यांनी मिळून केली. 'किरण' 1923 मध्ये, 'उषा' त्याच्या पुढच्या वर्षी. यशवंत आणि गिरीश यांनी 'वीणाझंकार' एकत्र काढला. पण मंडळाची खरी ओळख झाली ती काव्यगायनानं. हे कवी आपल्या कविता चालीवर म्हणत आणि लोक ऐकायला गर्दी करत. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांपर्यंतही कविता पोचली.

त्याची किंमतही होती. सभा जिंकणारी चाल कधीकधी कवितेचा उणेपणा झाकते. नव्या यमकांचा सोस, फारसी शब्दांची रेलचेल, प्रेमकवितेतली ठरावीक हुरहुर यांवर आचार्य अत्र्यांनी 1925 च्या 'झेंडूची फुले'त नेम धरला, आणि तो बऱ्याच ठिकाणी बरोबर लागला. एकमेकांच्या कौतुकात रमलेल्या गटाला बाहेरचा कान लागतोच. फारसी-मराठी कोश रचणारे माधव ज्यूलियन स्वतः पुढे भाषाशुद्धीकडे वळले. त्यांचं 'भाषाशुद्धि-विवेक' 1938 चं. कवी इतका बदलू शकतो, हे त्यांच्याइतकं ठळकपणे फार थोड्यांनी दाखवलं.

मंडळ हळूहळू विखुरलं. माधव ज्यूलियन कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले, माडखोलकर नागपूरच्या पत्रकारितेत रमले. मात्र आठांपैकी चौघे पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माधव ज्यूलियन 1936 ला जळगावात, माडखोलकर 1946 ला बेळगावात, यशवंत 1950 ला मुंबईत, घाटे 1953 ला अहमदाबादेत.

कृष्णाकाठीही कवींनी एकत्र जमण्याची ही परंपरा खंडित झाली नाही. सांगली जिल्ह्यातलं औदुंबर हे दत्ताचं क्षेत्र. तिथल्या कवी सुधांशू आणि त्यांच्या मित्रांनी स्वातंत्र्यापूर्वीच सदानंद साहित्य मंडळ काढलं. मकरसंक्रांतीला तिथे भरणाऱ्या संमेलनात खेड्यापाड्यांतले कवी कविता वाचतात. ही मोठीच गोष्ट. तरीही संमेलनाच्या मंचावर पोचते ती पुरी झालेली कविता. अर्धी कविता वाचून 'इथं अडतंय' असं ऐकून घ्यायला चार-सहा माणसांची खोलीच लागते, आणि सातारा-सांगलीत अशा खोल्या जितक्या वाढतील तितक्या हव्या आहेत.

गिरीशांच्या घरात ही बैठक दुसऱ्या पिढीपर्यंत टिकली म्हणायला हवं. रहिमतपूरला जन्मलेला त्यांचा मुलगा सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकला आणि वसंत कानेटकर या नावानं नाटककार झाला. गिरीशांनी स्वतः उत्तरायुष्यात 'स्वप्नभूमी' लिहिलं. रविवारच्या त्या बैठकीतले त्यांचे सोबती माधव ज्यूलियन यांचं ते चरित्र.