वायर पुसल्याचे पैसे
हातावरची विद्या : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण सुताराच्या शेडमध्ये होतो. आज गॅरेजात जाऊ.

दहावीचा निकाल जवळ आला की रत्नागिरीतल्या घराघरांत एक धमकी ऐकू येते : "असेच मार्क पाडलेस तर गॅरेजात पाने पुसायला जाशील." निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही आपल्याला सवयच झाली आहे. त्यामुळे गॅरेज म्हणजे मागे राहिलेल्यांची जागा, हा समज इथे जरा जास्तच घट्ट. लग्नाच्या बोलण्यांत मुलगा 'मेकॅनिक' असला की चहा निवतो; तोच शोरूममध्ये 'सर्व्हिस ॲडव्हायझर' निघाला तर पोह्यांवर खोबरं वाढतं.

मिरकरवाडा बंदरावर मात्र वेगळा हिशेब आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत बोटींची डिझेल इंजिनं खोलतात, आणि मिस्त्रीचा शब्द तांडेलही खाली पडू देत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय होतं, हे तो जाणून असतो. आंबा घाट उतरताना ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे आपणही जाणतो. तरी तो ब्रेक नीट करणाऱ्याला आपण 'ए पोऱ्या' म्हणतो.

मेकॅनिक म्हणजे पाना फिरवणारा, हे कार्ब्युरेटरच्या काळातही निम्मंच खरं होतं. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 लागू झालं आणि उरलंसुरलंही गेलं. आत किती हवा आली, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सर मोजतात. त्यावरून ईसीयू हा छोटा संगणक इंधन किती सोडायचं ते ठरवतो. हिशेब जुळला नाही की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की कोड दिसतो. पण कोड फक्त तक्रार नोंदवतो. कारण माणसानेच शोधायचं.

समजा, कोड ऑक्सिजन सेन्सरचा आला. सेन्सर बदलायचा का? आपल्याकडची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट कीट चढतं, सिग्नल मधेच अडतो आणि ईसीयूला वाटतं सेन्सर गेला. जाणता मेकॅनिक आधी कनेक्टर सोडवून साफ करतो, मल्टिमीटर लावून बघतो, मगच सेन्सरला हात घालतो. दिवा विझतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं, "नुसती वायर पुसलीस, त्याचे पाचशे?" त्याने नवा सेन्सर बसवून पाच हजार मागितले असते, तर निमूट दिले असते. डॉक्टरला आपण तपासल्याचे पैसे देतो. मेकॅनिकला फक्त पार्ट बदलल्याचे. प्रामाणिक माणसाला हा धंदा परवडत नाही, याला निम्मे आपण जबाबदार आहोत.

उरलेले निम्मे गॅरेजवाले. कित्येक ठिकाणी पावती मिळत नाही. शिकायला आलेलं पोर वर्षभर चहाच आणतं, आणि सुटीच्या दिवशी हातावर चिल्लर टेकवली जाते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, तरी 'छोटू' दिसतोच. हे बघून आईवडील नाक मुरडत असतील, तर सगळा दोष त्यांना देता येणार नाही.

रीतसर वाट आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड, 'मेकॅनिक डिझेल' एक वर्षाचा. पुढे 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. एसटीच्या कार्यशाळांतही असे उमेदवार घेतात. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे तर पुष्कळ पालकांच्या गावीही नसतं.

आता गाडी गॅरेजला टाकाल तेव्हा पावती मागा, बदललेला जुना पार्ट परत मागा, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते विचारा. त्याने नीट समजावून सांगितलं, तर नुसती वायर पुसली असली तरी पैसे कापू नका.