तळ्यांचा इतिहास आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक

गैरसमज: जीवशास्त्राचा प्राध्यापक इतिहास लिहू लागला, म्हणजे त्याचं विज्ञान सुटलं.

वस्तुस्थिती: पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डहून पीएच.डी. करून १९७३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्या काळात कागद गिरण्यांमुळे बांबू मिळेनासा झाला, ही बुरुडांची तक्रार होती. वनखातं मात्र गुरांना आणि गावकऱ्यांना दोष देत होतं. गाडगीळांनी उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात जाऊन गावकऱ्यांनाच विचारलं. बांबूचं बेट मोकळं वाढावं म्हणून वनखातं बुंध्याजवळचं काटेरी झाकण साफ करून घेई आणि उघडे पडलेले कोवळे कोंब जनावरं फस्त करत. रान कोणी, कसं वापरलं हे विचारल्याशिवाय हे कळलंच नसतं. पुढे १९९२ साली रामचंद्र गुहांबरोबर त्यांनी भारताचा पर्यावरणीय इतिहास लिहिला, तोही याच शोधातून. माझ्या मते हे विज्ञानच आहे, फक्त पुरावा जुना.

गैरसमज: बंगळूरच्या महादेवपुरा भागातली तळी निसर्गानेच दिलेली आहेत.

वस्तुस्थिती: बंगळूरला मोठी नदी नाही. उतारावरच्या ओढ्यांना बांध घालून माणसांनीच ही तळी बांधली. गाडगीळांच्या विद्यार्थिनी, आज अझीम प्रेमजी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या हरिणी नागेंद्र यांनी उपग्रहचित्रांच्या जोडीला जुने शिलालेख आणि नकाशे अभ्यासले. २०१६ साली आलेल्या त्यांच्या ‘नेचर इन द सिटी’मध्ये शहराचा हा इतिहास सहाव्या शतकापर्यंत मागे जातो. एक तळं भरलं की जादा पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरायचं. बेळ्ळंदूर तळ्याचं पाणी आजही वर्तूर तळ्याला आणि तिथून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळतं. या साखळीत आपण सांडपाणी सोडलं, कालव्यांवर इमारती चढवल्या. बेळ्ळंदूर तळ्यावर आग लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये महादेवपुऱ्यात वसाहती बुडाल्या, नोकरदारांना ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं. त्याचं खापर नुसतं पावसावर फोडणं मला पटत नाही.

गैरसमज: माणसांना लांब ठेवलं की तळं वाचतं.

वस्तुस्थिती: सर्जापूर रस्त्यावरचं कैकोंड्रहळ्ळी तळं रहिवासी, अभ्यासक आणि महापालिका एकत्र आल्यामुळे सावरलं. त्या प्रयत्नात नागेंद्रही होत्या.

नोकरीसाठी महादेवपुरा भागात आलेल्या मराठी मंडळींना एक विनंती: घर घेण्याआधी गावाचा जुना महसुली नकाशा मिळवा आणि आपल्या सोसायटीखालून कालवा जातो का, ते तपासा.