ओसरीतला पाहुणा (लेखांक ४) : भिंत आहे, पण आवाज येतो

जुलै २००९. अमिरातीत तेव्हा जिकडे तिकडे ब्लॅकबेरी. तिथल्या एतिसलात या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना मेसेज आला, सेवा सुधारणारा अपडेट आहे, टाकून घ्या. मेसेज खुद्द कंपनीचा, मग शंका कोण घेणार? टाकला, आणि फोन तापायला लागले, बॅटरी बघता बघता उतरायला लागली. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने शेवटी जाहीर केलं की हा अपडेट आमचा नव्हे, हे पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर आहे, आणि ते काढून टाकायची सोयही दिली. नेटवर्कची अडचण दूर करायला तो दिला होता, असं एतिसलातचं म्हणणं. तिचे ब्लॅकबेरी ग्राहक होते सुमारे १,४५,०००. ज्यांनी तो प्रोग्रॅम उलगडून पाहिला त्यांना दिसलं, की हुकूम आला की बाहेर जाणाऱ्या मेलची प्रत तो परस्पर पाठवू शकत होता. बिंग फुटलं ते मात्र बॅटरीमुळे. सगळे फोन एकाच सर्व्हरवर नोंदणीला धावले, तो आडवा झाला, आणि फोन दार ठोठावत बसले.

प्रोग्रॅम कोणी दिला हे विचारून भागत नाही, ते यासाठी. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. म्हणून या मालेत आपण परक्या प्रोग्रॅमच्या ओसरीला भिंती घालतोय.

या वेळचा पाहुणा म्हणजे एका पुरवठादाराने पेनड्राइव्हवर दिलेला कॅटलॉग, विंडोजचा. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणून तो वाइनमध्ये चालवायचा. वाइन म्हणजे सुरक्षित पेटी अशी पुष्कळांची समजूत आहे, ती साफ चुकीची. वाइनने आपण होऊन एक झेड ड्राइव्ह मांडून ठेवलेला असतो. तो उघडला तर माझा अख्खा होम फोल्डर समोर: पासपोर्टचं स्कॅन, एमिरेट्स आयडी, घराची इजारी (भाडेकराराची नोंद), सहीचे चेक. कॅटलॉगला यातलं काय करायचंय?

मग सगळंच बबलरॅपमध्ये घातलं. प्रोग्रॅमला कोंडून ठेवायचं हे साधन, लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायच्या फ्लॅटपॅकच्या पोटात असतं तेच. होमच्या जागी रिकामा फोल्डर, कॅटलॉगची फाइल फक्त वाचण्यापुरती, नेटवर्क बंद. आता झेड ड्राइव्हमध्ये वाइन चालायला लागतं तेवढंच. इथवर सगळं सोपं.

खिडकी दिसायची तर मात्र पडद्याची वाट उघडावी लागते, आणि घोळ तिथेच आहे. माझ्या लॅपटॉपवरचा पडदा एक्स-११ चा, १९८७ सालची रचना. एका पडद्यावरचे सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या ओळखीचे, असं ती धरून चालते. देरा दुबईत मी पार्टिशनमध्ये राहायचो. जिप्समची भिंत छताला टेकलेली, पलीकडचा माणूस कधी दिसला नाही, पण त्याचा पहाटे साडेचारचा अलार्म, बायकोशी फोनवरची भांडणं, सगळं मला पाठ. एक्स-११ तसंच आहे.

खात्री करायला त्याच कोंडलेल्या खोलीत 'एक्सइनपुट' चालवलं; कोणती कळ दाबली तिचा आकडा ते दाखवतं. मग बाहेर, दुसऱ्याच खिडकीत, 'ए' दाबला. आत ओळ उमटली: की प्रेस ३८. पासवर्ड टाइप केला असता तर तोही असाच, आकड्या-आकड्याने, पलीकडे पोचला असता. फाइली कुलपात, आणि किल्ली मी मोठ्याने वाचून दाखवतोय.

वेलँड या नव्या पडद्याच्या रचनेत हा दोष मुळातच टाळलाय. तिथे ज्या खिडकीत टाइप कराल तिलाच अक्षरं मिळतात. पण माझ्या हाताशी जुनाच लॅपटॉप होता. म्हणून झेफिर वापरला: एका खिडकीच्या आत स्वतंत्र एक्स पडदा. कॅटलॉगला फक्त त्या आतल्या पडद्याची वाट दिली, खऱ्या पडद्याची काढून घेतली. पुन्हा एक्सइनपुट, पुन्हा बाहेर 'ए'. या खेपेला आत काहीच उमटलं नाही. झेफिरच्या खिडकीवर क्लिक करून टाइप केलं तेव्हा कुठे आकडे हलले.

एवढी मेहनत केल्यावर ऑफिसातल्या अकाउंटंटने पाच मिनिटं कॅटलॉग हाताळला आणि तक्रार केली, "अहो, भाव कॉपी होतायत, पण एक्सेलमध्ये पेस्टच होत नाहीत." बरोबर आहे. क्लिपबोर्डही त्या पडद्याबरोबरच वेगळा झाला होता. आता त्या भिंतीला किती मोठी खिडकी पाडायची, आणि ती कोणत्या बाजूने उघडायची, ते पुढच्या आठवड्यात.